शेऱ्याचा रकाना

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कूलर गळला.
रात्रभर वाळ्याच्या ताटीतून पाणी झिरपलं
टेबलावर, टेबलावरून रजिस्टरवर.
सकाळी कौतिकाबाईनं ते उन्हात वाळत घातलं
पापडासारखं, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवून.

नावं जेल पेनानं लिहिलेली, वाहून गेली.
शेरे बॉलपेनचे होते, ते राहिले.

बालवर्ग 'ब', एकवीस मुलं. वर्तन :
चौकस. हट्टी. उत्साही. गोड. मारकुटा.
शुक्रवारपर्यंत नवं करून द्या, हेडबाई म्हणाल्या,
कुठला शेरा कुणाचा, आठवेल ना?
आठवेल की, म्हटलं. त्यात काय.

आणि खरंच, त्यात काहीच नव्हतं.
'चौकस'समोर न थांबता लिहिलं पांढरीपांडे.
'गोड'समोर देवपुजारी, अन्वी.
'मारकुटा'समोर हातागडे, रौनक,
पंचवीस टक्क्यांतला (आम्ही असंच म्हणतो),
टोळीतून ऑटोत नऊ जणांत दबून येणारा.
हात कुठेच अडखळला नाही.
अडखळला असता तर बरं झालं असतं.

मग एक ओळ दोनदा सापडली.
'घसरगुंडी उलटी चढतो.'
एकदा पुढे : धाडसी.
एकदा पुढे : सांगितलेलं ऐकत नाही.
तारीख एकच, तीन फेब्रुवारी.
मला दिसतायत दोघं, एकामागे एक,
पुढचा मागच्याला हात देऊन वर ओढणारा.
पुढे कोण होता ते काही केल्या आठवेना.
शेरे मात्र त्याच दिवशी वाटून झाले होते.

आणि जानेवारीतलं ते.
मी फळ्यावर 'ळ' काढत होते, मागे काहीतरी फुटलं.
मान वळायच्या आत तोंडातून निघालं,
रौनक!
सगळा वर्ग एका सुरात म्हणाला,
"टीचर, तो तं आलाच नाही."
तीन दिवस कांजिण्या झालेल्या त्याला.
हजेरीत माझ्याच हातचे तीन लाल 'गै'.

फुटला होता फुलांचा चिनी मातीचा चंबू.
फोडणारी अन्वी टेबलाखाली अंग चोरून बसलेली.
मी तिला उचलून जवळ घेतलं.
घाबरलीय पोर,
हे मला बघताक्षणी कळलं.

मीही गोळीबार चौकातली, कोष्ट्याच्या घरची.
आमच्या बाईंनी माझ्या आईला बोलावून सांगितलं होतं,
मुलगी मंद आहे, तोंड उघडत नाही.
घरात दोन माग चालायचे दिवसभर.
खटखटीत कुणी कुणाशी बोलायचंच नाही,
हातानं सांगायचं.
बाईंना हात कधी दिसले नाहीत.
हा किस्सा मी स्टाफरूममध्ये हसत सांगते,
पन्नासदा तरी सांगितला असेल,
कधी कधी वर्गातून रौनकवर ओरडून आल्यावर लगेच.

आज शुक्रवार.
ते भरलेलं पान मी फाडलं, पुन्हा सुरुवात केली.
डावीकडे एकवीस नावं उतरवली, बॉलपेननं.
उजवीकडे अजून काही नाही.

डब्याच्या सुट्टीत तो टेबलाशी आला,
संत्र्याची फोड गालात, हनुवटीवर रस.
"टीचर, माह्यं नाव कोनतं हाये ह्यातलं?"
मी बोट ठेवून दाखवलं.
त्यानं माझ्या बोटाशेजारी आपलं ठेवलं,
बराच वेळ ठेवलं, जणू नाव गरम लागतंय का बघतोय.
मग ते बोट रेघेरेघेनं सरकत उजवीकडे गेलं,
मागे चिकट केशरी माग सोडत.
"अन् इथं काहून काहीच नाही?"

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
दारात शिपाई.
"बाई, रजिस्टर मागून राह्यल्या ना मॅडम."